मेंढ्यांनी उकरलेली उतरण

वेल्समधल्या आमच्या पेनवर्न गावाच्या वरच्या रानात लिहिलेला कायदा एकही नाही. रान वनखात्याचं, सायकलच्या वाटा आमच्या, आणि दोघांनी एकमेकांकडे फार निरखून बघायचं नाही असं वर्षानुवर्षं चालत आलंय. न लिहिलेले कायदे मात्र भरपूर. मोठा पाऊस झाला की दोन दिवस मातीवर चाक घालायचं नाही. वाटेवर आडवी फांदी टाकलेली दिसली तर पुढे काम चालू आहे असं समजायचं, उतरायचं आणि चालत जायचं. दुसऱ्याच्या वाटेतला दगड त्याला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, मग तो तुमच्या चाकाला कितीही वेळा नडलेला असो. आणि सगळ्यांत वरचा कायदा असा, की उडी, म्हणजे सायकल हवेत उडवणारा मातीचा चढ, ज्याने बांधली त्यानेच ती पहिल्यांदा मारायची. तोवर बाकीच्यांनी खाली उभं राहून आपापले बेकनचे पाव खायचे.

त्यात चूक काही नाही. स्वतःची हाडं पणाला लावल्याशिवाय दुसऱ्याला हवेत पाठवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

इदवालने या रानात एकोणीस उड्या बांधल्या आणि एकोणीसच्या एकोणीस आधी स्वतः मारल्या. आमच्या खोऱ्यात आडनावं मोजून चार, त्यामुळे माणसाला त्याच्या कामावरून ओळखायची पद्धत आहे. तो इदवाल फावडं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून मी डेलिथ कस्टर्ड. चौतीस वर्षं स्वयंपाक केला, सूपं केली, मटणाचे रस्से केले, पण नाव चिकटलं ते कस्टर्डचं, तेही एकदा गुठळ्या झाल्या होत्या म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी मुलगा कार्डिफला गेला आणि त्याची सायकल मागच्या शेडमध्ये राहिली. विकण्याआधी ब्रेक लागतात का ते बघावं म्हणून मी ती आमच्या गल्लीच्या उतारावरून सोडली. ब्रेक लागत नव्हते. तिथून सुरुवात झाली.

मी काही फार चांगली सायकल चालवते असा समज करून घेऊ नका. उताराच्या वाटेवरून मी येते ती हातात गरम सूपचं पातेलं असल्यासारखी. लहान उड्या मारते, म्हणजे चाकं जमिनीवरून इतकीच उचलली जातात की खालून एखादं पत्र सरकवता येईल. मोठी उडी आली की तिच्या बाजूने एक वळसा असतो. भित्र्यांची वाट म्हणतात तिला, आणि ती वाट सगळ्यांत गुळगुळीत कुणी केली असेल तर मी. पण फावडं मात्र माझ्या हातात चांगलं बसतं. तीनशे पोरांसाठी बटाटे ढवळणाऱ्या बाईला माती जड नाही. इदवालने ते पहिल्याच रविवारी पाहिलं आणि मला बादली दिली.

गेल्या ऑक्टोबरात त्याने विसाव्या उडीची जागा काढली. रानाच्या मध्यातून एक खोलगट रस्ता जातो. पूर्वी घोडे त्यावरून कोळशाचे डबे ओढायचे; माझे पणजोबा त्यातल्याच एका घोड्यामागे चालत. आता तिथे नेचे आणि साचलेलं पाणी. रुंदी पाच पावलं, खोली कमरेएवढी. वरच्या काठावरून उडायचं आणि खालच्या काठावर उतरायचं. मध्ये काहीच नाही. कमी पडलात तर समोरचा काठ छातीशी भेटणार.

"ही मोठी आहे," मी म्हटलं.

"मोठी नाही, बाख. लांब आहे." बाख म्हणजे बाळ. इदवाल नव्वदीच्या म्हातारीलाही बाख म्हणतो.

हिवाळाभर आम्ही खणलं. तरुण मंडळी यायची जायची. गेथिन, जो छपरांवर दगडी पाट्या बसवतो आणि जमिनीवरही तसाच बेफिकीर वावरतो, तो महिन्यातून एकदा यायचा आणि चार माणसांचं काम दोन तासांत करून जायचा. टेगन, ती रुग्णवाहिकेवर असते, ड्यूटी नसली की यायची. पण रोजची आम्ही दोघं. शाळेतली भांडी आवरून मी अडीचला सुटायची आणि तीनला रानात असायची. वरचा पाल्या-मुळ्यांचा थर काढून बाजूला टाकायचा, त्याखाली पिवळट चिकण माती लागते, ती खरी. ती बादल्यांतून वाहायची, ओतायची, फावड्याच्या पाठीने चोपायची. परत ओतायची, परत चोपायची. इदवाल फार बोलत नाही. नऊ वर्षांत आम्ही माती, पाण्याचा निचरा आणि पेस्ट्री कुठली चांगली याव्यतिरिक्त कशावर बोललो असू असं मला आठवत नाही. चांगली चालली होती मैत्री.

एक मात्र त्याने त्या हिवाळ्यात नवीन काढलं. काम संपलं की मला सायकलवर बसवायचा.

"त्या वाकड्या लार्चच्या झाडापासून सुट, डेल. पेडल मारायचं नाही. ब्रेकला हात लावायचा नाही. नुसतं ये."

"कशाला?"

"माती बसते."

"माझ्या वजनाने?"

"देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलेलं असतं."

मी शिव्या घालत वर जायची आणि सायकल सोडून द्यायची. उडीच्या चढाच्या पायथ्याशी आले की डावीकडे वळून माझ्या लाडक्या भित्र्यांच्या वाटेला लागायची. इदवाल तिथे उभा राहून काहीतरी पुटपुटायचा. मग म्हणायचा, आता त्या खोडापासून. आता त्याच्या जरा खालून. आता लार्चच्याही वरून. कोरड्यात, ओल्यात, समोरून वारा असताना. जिथून मी सुटायची तिथे तो हेझलच्या फांदीची खुंटी ठोकायचा आणि तिला लाल लोकरीचा धागा बांधायचा. जानेवारीत एकदा मला म्हणाला, "खुंटी तू ठोक. धागाही तूच बांध."

त्याचा उजवा हात खिशात होता.

 एकदा नजर गेली की ती परत परत जाते. थर्मासमधला चहा तो आता झाकणात अर्धाच ओतायचा आणि झाकण डाव्या हातात धरायचा. उजवा हात सतत खिशात, नाहीतर फावड्याच्या दांड्यावर घट्ट. फावडं धरलेलं असलं की हात गप्प असायचा. सोडलं की बोलायला लागायचा. माझ्या वडिलांचा हात शेवटची सहा वर्षं बशीवर कप वाजवत होता. तो आवाज मला शेजारच्या खोलीतूनही कळतो. इदवालच्या खिशात किल्ल्या होत्या, आणि त्या वाजत होत्या.

आणि मग आठवलं, की शरद ऋतूपासून मी त्याला सायकलवर बसलेला पाहिलाच नव्हता. सायकल घेऊन यायचा, ढकलत वर न्यायचा, ढकलत खाली आणायचा. एकदा चेन तुटली होती. एकदा टायर बसलं होतं. एकदा म्हणाला, नुसतं चालायला बरं वाटतंय. सायकल हातात धरून चालायला बरं वाटतंय!

एप्रिलच्या सुरुवातीला उडी तयार झाली. एवढी देखणी उडी मी या रानात पाहिली नाही. चढ हळूहळू वर जाणारा, टोकाला अजिबात घाई नसलेला, आणि पलीकडची उतरण लांब, आईच्या मांडीसारखी. गेथिनने पाहिली आणि शीळ घातली. मग तोंड वाकडं केलं.

"जरा मवाळ नाही का वाटत?"

"तुझ्या डोक्यापेक्षा कडक आहे," इदवाल म्हणाला.

पहिल्या शनिवारी डझनभर लोक जमले. इदवालने उतरणीत अंगठा रुतवून पाहिला. "ओली आहे अजून." सगळे घरी गेले. दुसऱ्या शनिवारी त्याने लार्चच्या शेंड्यांकडे पाहिलं. "वारा आहे." वारा होता, पण त्याहून दुप्पट वाऱ्यात मी त्याला अकरावी उडी मारताना पाहिलं होतं, तोंडात विडी धरून.

"इदवाल, उडी मारायची आहे का मुहूर्त काढून तिचं लग्न लावायचंय?" गेथिन ओरडला. सगळे हसले. "नाहीतर मी मारू का? कुणाला सांगणार नाही."

यावर मात्र कुणीच हसलं नाही. गेथिनलाही कळलं की जीभ घसरली. असं विनोदातही बोलायचं नसतं.

"पुढच्या शनिवारी," इदवाल म्हणाला, "दहाला उडी होईल." आणि पाठ फिरवून उतरायला लागला. किल्ल्या वाजत होत्या.

तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. शाळेत मी भाताला दोनदा मीठ घातलं. नवरा ह्यू म्हणाला, काय झालंय? मी म्हटलं, इदवाल उडी मारणार आहे. तो म्हणाला, त्यात काय, तो मारतोच. ह्यूला काय सांगणार? जे इदवालने मला सांगितलं नव्हतं ते मी दुसऱ्याला कसं सांगू? आणि इदवालला तरी काय सांगू? अरे बाबा, तुझा हात मला दिसलाय? सदुसष्ट वर्षांचा माणूस. ज्या हाताला चहा धरवत नाही त्या हाताने हँडल धरून तो पाच पावलं हवेतून जाणार होता, कारण बारा लोकांसमोर तसं बोलून बसला होता. आणि न जाण्याचं कारण सांगायचं, तर तो इदवाल फावडं राहणार नाही, नुसता इदवाल होईल. ते त्याला हाडं मोडण्यापेक्षा जड जाईल, हे मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत कप सोडला नाही.

शुक्रवारी अडीचला सुटले, रानात गेले, आणि आमच्या रानात सगळ्यांत हलकं जे काम आहे ते केलं. दुसऱ्याची उडी मोडली.

पूर्ण नाही. चढाला हात लावायला मन धजेना. उतरणीच्या वरच्या अंगावर इदवालने कडेला गवताचे चौकोन बसवले होते, ते काढले. मग कुदळीने वरची वीतभर माती उकरून सैल केली. दोन शनिवार तरी लागतील परत बसायला, असा हिशोब. दोन शनिवारांत मला काहीतरी सुचेल, किंवा त्याला, किंवा पाऊस पडेल. कुदळीचा प्रत्येक घाव माझ्याच पाठीत बसत होता, कारण ती माती मीच वाहून आणलेली. रडत नव्हते. नाक मात्र वाहत होतं.

शनिवारी दहाला सगळे जमले तेव्हा मी मुद्दाम पाच मिनिटं उशिरा पोचले. आवाज खालूनच ऐकू येत होता.

"कुत्री फिरवणारे!" गेथिन लालबुंद झाला होता. "ती पिवळ्या कोटाची बाई. मला म्हणाली होती, तुम्ही लोक रानाची नासाडी करता. तिनेच!"

"तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," टेगन म्हणाली. "मीच नेलं तिला. कुदळ कशी उचलेल?"

"मग तिच्या नवऱ्याने!"

"तो वारलाय, गेथिन."

"मग कुणी, ते तरी सांग!"

टेगन उतरणीभोवती फिरत होती, अपघाताच्या जागी फिरतात तशी. "एक कळत नाही. गवताचे चौकोन बघ. काढलेत, आणि बाजूला सावलीत एकावर एक रचून ठेवलेत."

"म्हणून काय?"

"वर ओलं पोतं टाकलंय. वाळू नयेत म्हणून." ती वर बघत म्हणाली, "आणि वरती सुरुवातीला आडवी फांदी टाकलीय. कुणी चुकून येऊ नये म्हणून. मोडतोड करायला आलेला माणूस एवढी काळजी घेतो?"

मी माझ्या बुटांकडे बघत होते. खरं सांगते, ते पोतं टाकलेलं मला आठवतही नव्हतं. हातांनी आपणहून केलेलं काम.

 इदवाल उतरणीपाशी उकिडवा बसला. उकरलेल्या जागेच्या कडेला जिथे मी जाता जाता फावड्याने माती सारखी केली होती (सारखी का केली? पसारा बघवत नाही म्हणून!), तिथल्या ठशांवरून त्याने बोट फिरवलं. फावड्याच्या पाठीचे अर्धचंद्र, एकावर एक, उजवीकडून डावीकडे गेलेले. पेनवर्नच्या रानात डावखुरी खणणारी मी एकटीच.

तो उठला. गुडघे झटकले.

"मेंढ्या," तो म्हणाला.

"मेंढ्या?"

"मेंढ्या उकरतात."

"मेंढ्यांनी गवताचे चौकोन रचले?" गेथिन म्हणाला.

"वरच्या कुरणातल्या मेंढ्या टापटिपीच्या आहेत."

"इदवाल, वेड लागलंय का तुम्हाला? पोतं—"

"गेथिन बाख," इदवाल म्हणाला, "मी मेंढ्या म्हणालो."

त्यानंतर मेंढ्यांवर चर्चा झाली नाही.

"दोन तास लागतील," तो म्हणाला. "खाली जा, चिप्स खा, परत या. डेल थांबेल. तिला मेंढ्यांची माहिती आहे."

टेगनने माझ्याकडे पाहिलं, मग इदवालच्या खिशाकडे. रोज माणसं उचलणारी पोरगी ती. तिने गेथिनला दंडाला धरलं आणि सगळ्यांना खाली नेलं.

आम्ही दोघंच राहिलो. इदवालने बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला.

"कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"जानेवारी. खुंटी ठोकायला दिलीस तेव्हा."

"हं." मग म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरात सांगितलं. चांगली आहे. नाव लांबलचक आहे आजाराचं, पण बाई चांगली आहे."

"मग कशाला कबूल केलंस? मरायचं होतं? त्या गेथिनने तोंड उघडलं म्हणून? सदुसष्टचा झालास, अक्कल कधी येणार? मी आठ दिवस झोपले नाही, पोरांना खारट भात घातला—"

"मी काय कबूल केलं?"

"दहाला उडी मारतो म्हणालास."

"दहाला उडी होईल म्हणालो. मी मारतो असं कधी म्हणालो?"

मी आठवून पाहिलं. खरंच म्हणाला नव्हता.

"सप्टेंबरात मला कळलं," इदवाल म्हणाला. "ऑक्टोबरात जागा काढली. स्वतः मारता येणार नाही अशी उडी स्वतःसाठी बांधणारा मी इतका गाढव आहे का, डेल?"

त्याने हात खिशातून काढला. बाहेर आल्या आल्या तो हलायला लागला, पिंजऱ्यातून सोडलेल्या पाखरासारखा. त्या हलत्या हातानेच त्याने वर दाखवलं, झाडांमधून, जिथे लाल धाग्याची सगळ्यांत वरची खुंटी होती.

"तिथून सुटलीस, पेडल नाही, ब्रेक नाही, तर चढाच्या टोकाशी तुझा वेग किती असतो ते मला पाठ आहे. ओल्यात किती, कोरड्यात किती, तू घाबरून आखडलीस तर किती. त्या वेगाला जेवढा चढ लागतो तेवढा बांधला. त्या वेगाने जिथे पडशील तिथे उतरण घातली. गेथिन म्हणतो मवाळ आहे. त्याच्यासाठी नाहीच ती."

मला बसायला दुसरी बादली नव्हती. मी मातीवरच बसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुला विचारायला तोंड उघडलं की हा आधी बोलतो." हात मांडीवर ठेवून त्याने वर दुसरा हात दाबला. "आणि तू नाही म्हणाली असतीस."

"आताही नाहीच म्हणते. बांधणाऱ्याने पहिली मारायची. मी कुठली बांधणारी?"

"मग या बादल्या कुणी वाहिल्या? मेंढ्यांनी?"

हसू आलं मला. आलं आणि मग थांबेना, आणि मधेच कुठेतरी ते हसू राहिलं नाही. इदवाल लार्चच्या शेंड्यांकडे बघत बसला. खोऱ्यातली माणसं अशा वेळी झाडांकडे बघतात. मग त्याने मला त्याचा रुमाल दिला. मातीने भरलेला होता. मी तसाच वापरला.

"चला," तो म्हणाला. "तुझ्यासाठी बांधलेली उतरण तू उकरून ठेवलीस. आता बसव."

दोन तास मी माती चोपली. तो बादलीवर बसून सांगत राहिला: इथे अजून, तिथे पुरे, फावडं आडवं धर, अगं ते कस्टर्ड नाहीये. गवताचे चौकोन अगदी ताजे होते. पोतं टाकणाऱ्या बाईला अक्कल होती म्हणायची.

मंडळी परत आली, चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास घेऊन. इदवाल उभा राहिला.

"डेलिथ पहिली जाईल," तो म्हणाला. "तिने बांधलीय."

 गेथिनने इदवालकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं. वाद घालायला तोंड उघडलं, आणि बहुधा हिवाळाभर रानात कोण होतं ते त्याला आठवलं असावं. "हो," तो म्हणाला. "तिनेच बांधलीय."

मी सायकल ढकलत वर निघाले.  भित्र्यांच्या वाटेवरून जाताना वाटलं, काय वाईट आहे ही? किती छान केलीय मी. वरच्या खुंटीपाशी पोचले, गुडघ्यांचे पॅड घट्ट केले, हेल्मेटचा पट्टा तीनदा बघितला. तिथून उडी दिसत नाही, नुसता चढाचा पाठीसारखा फुगवटा दिसतो आणि त्यापलीकडे हवा. म्हणून काठावर एकजण उभा राहतो. वाट मोकळी असली की तो हात उंच धरतो. हात दिसला की यायचं. हात खाली असला की थांबायचं. हाही आमचा कायदाच.

काठावर इदवाल जाऊन उभा राहिला होता. नेहमी तोच राहतो. सगळे त्याच्यामागे, ओळीने.

मी वाट बघत होते. तो डावा हात वर करणार, मला माहीत होतं.

त्याने उजवा केला.

झाडांमधून तो हात मला वाऱ्यातल्या पानासारखा दिसत होता. सरळ वर, आणि थरथरत.  मग खालून गेथिनचा आवाज आला, हळू, त्याच्या मानाने फारच हळू.

"इदवाल... तिला ये म्हणताय, की थांब म्हणताय?"

"ये म्हणतोय," इदवाल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तो हलतोच आता. हललेला दिसला तरी यायचं. लक्षात ठेवा सगळ्यांनी."

मी ब्रेक सोडला.

सांगण्यासारखं त्यापुढे फार नाही. पेडल मारलं नाही. ब्रेकवर बोटं गेली होती, ती एकेक करून काढली. वाकडा लार्च गेला, खोड गेलं, बाकीच्या खुंट्यांचे लाल धागे गेले, आधीचे त्याने बांधलेले, नंतरचे मी. पायथ्याशी सायकल सवयीने डावीकडे वळायला बघत होती. तिला म्हटलं, आज नाही. चढाने मला उचललं ते माझी काही मदत न घेता. मग शांतता झाली. माझ्या सायकलीचा सतत एक खडखडाट असतो, नऊ वर्षांत तो कधी थांबला नव्हता. तो थांबला. खाली पणजोबांचा रस्ता होता, नेचे होते, पाण्यात आभाळ होतं. मग मागचं चाक काठाला जरासं घासलं, आणि उतरणीने मला घेतलं. पडले नाही. ब्रेक लावायचं मात्र सुचलं नाही, त्यामुळे पुढे वाळक्या नेच्यांच्या ढिगात शिरून थांबले, आणि तिथेच सायकलसकट आडवी झाले, कारण उभं राहायची काही गरज वाटेना.

टेगन पहिली पोचली. सवयीने माझी नाडी धरली. "दुखतंय कुठे?"

"नाही गं. जरा पडू दे मला."

त्यानंतर गेथिन गेला. तो त्याच्या पद्धतीने आला, वरून, पेडलं मारत, आणि माझ्या उतरणीवरून पूर्ण पलीकडे उडून खाली सपाटीवर असा आदळला की दात वाजलेले आम्हाला ऐकू आले.

"कुणासाठी बांधलीय ही?" तो सायकल धरून लंगडत ओरडला.

"डेलिथसाठी," इदवाल म्हणाला. "ब्रेक लाव."

सगळ्यांना त्या दिवशी ब्रेक लावायला शिकावं लागलं. एकेकजण वर जायचा, लाल धाग्याच्या खुंटीपासून सुटायचा, आणि हात आवरत, जीव मुठीत धरून, माझ्या वेगाने यायचा. इदवाल काठावर उभा, हात वर. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्या हाताकडे कुणी वेगळं बघेनासं झालं. दमला की बादलीवर बसायचा, मग त्याच्या जागी टेगन हात वर धरायची.

चहाच्या वेळी मी झाकण काठोकाठ भरलं आणि त्याच्यासमोर केलं. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं. थोडा सांडला. तो बुटावर सांडला आणि बूट आधीच घाण होते.

"नाव?" गेथिन म्हणाला. पहिली मारणाऱ्याने नाव ठेवायचं, हेही ठरलेलं. "काय ठेवायचं, डेलिथ? काहीतरी जबरदस्त ठेव."

मी इदवालकडे बघितलं नाही.

"मेंढी," मी म्हटलं.

"मेंढी? अगं, उडीचं नाव मेंढी?"

"वरच्या कुरणातली," मी म्हटलं. "टापटिपीची."

इदवालला चहाचा ठसका लागला. टेगनने त्याच्या पाठीवर थापटलं आणि माझ्याकडे बघून एक भुवई उचलली.

गेल्या रविवारी गेथिन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने माझ्या घरी आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बोलायच्या आधी खोकलेला मी पाहिला.

"डेलिथ, मेंढीबद्दल विचारायचं होतं. उतरण खालून जरा लांबवली तर... एक-दोन पावलंच. म्हणजे वेगाने येता येईल. मातीबिती सगळी मीच वाहीन. तू म्हणशील तसं."

मी हात पुसले. त्याला पेस्ट्री दिली. थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं.

"नाही," मी म्हटलं.